दार एकाचें, चोर दुसरा

पेशवाईच्या काळीं गांवांत चोरी झाली म्हणजे रामोश्यानें पावलांचा माग काढीत शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत जावें, आणि तेथून पुढचा माग काढून देण्याची जबाबदारी त्या शेजारच्या गांवावर पडावी, अशी वहिवाट होती. शिवेपर्यंत माग आला म्हणजे चोर ठरला, असें नव्हे. परंतु ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ एवढें सांगून त्या गांवास सुटतांही येत नसे. ही जुनी वहिवाट गेल्या पावसाळ्यांत भिवंडी मुक्कामीं आम्हांस अगदीं अकल्पितपणें आठवली.

आमचे एक बाळपणचे स्नेही भिवंडीस सुताचा व्यापार करतात. यंत्रमागांच्या खडखडाटाचें हें शहर आतां गोदामांचेंही शहर झालें आहे; मानकोली, काल्हेर, राहनाळ हीं आसपासचीं गांवें गोदामांनीं भरून गेलीं आहेत. आमच्या स्नेह्यांच्या पेढीला लागूनच त्यांचेंही एक गोदाम आहे. पेढींत एक सर्व्हर ठेवलेला असून हिशेब त्यावर चालतो आणि इचलकरंजी-मालेगांवच्या गिऱ्हाइकांस बिलें त्यावरूनच ई-मेलनें जातात. एके दिवशीं तीं सारीं बिलें परत येऊं लागलीं. पेढीचा इंटरनेटवरील पत्ता ‘काळ्या यादींत’ आहे, असा शेरा प्रत्येकावर होता. पाठोपाठ इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचें पत्र आलें कीं, आपल्या पत्त्यावरून एका परक्या सर्व्हरवर हल्ला झाला असून त्याची वेळ २०:४० अशी नोंदलेली आहे.

आम्ही भिवंडीस पोंचलों तेव्हां स्नेही संतापानें लाल झाले होते. गोदामाच्या पहारेकऱ्याचा एक पुतण्या परीक्षेच्या अभ्यासासाठीं रोज सायंकाळीं पेढींत येऊन बसे, पेढीचेंच वाय-फाय वापरी आणि रात्रीं नऊच्या सुमारास पडघ्यास घरीं परत जाई. “आठ वाजून चाळीस मिनिटांनीं पेढींत या मुलावांचून दुसरें कोण होतें?” स्नेही आम्हांस विचारूं लागले. पहारेकऱ्यास त्यांनीं दुसरी नोकरी पाहण्यास सांगितलें होतें, आणि सकाळीं पोलिसांत फिर्याद द्यावयाची असा त्यांचा निश्चय झाला होता. खरें सांगावयाचें तर आम्हांसही त्यांचा तर्क बिनतोड वाटला. पत्ता पेढीचा, वेळ ठरलेली आणि मनुष्य समोर!

सुदैवानें त्यांचा भाचा त्याच दिवशीं ठाण्याहून आला. सर्व्हर सांभाळणें हाच त्याचा व्यवसाय. पत्र वाचून तो म्हणाला, “मामा, ही वेळ आपल्या घड्याळाची नाहीं. तक्रारींतली वेळ ही जागतिक वेळ असते, आपली त्याच्या साडेपांच तास पुढें. २०:४० म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे दोन वाजून दहा मिनिटें.”

पेढींत क्षणभर कोणी बोलेना. दोन वाजून दहा मिनिटांनीं तो मुलगा पडघ्यास निजलेला होता, आणि पेढीस कुलूप होतें.

मग त्या भाच्यानें आम्हांस हें सारें प्रकरण मुळापासून समजावून दिलें. वाचकांपैकीं ज्यांस याची माहिती नसेल त्यांच्याकरितां त्याचा गोषवारा येथें देतों. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आयपी पत्ता नांवाचा एक अंक असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. कोणता पत्ता कोणत्या संस्थेस दिला याची नोंद आपल्या खंडापुरती ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील ‘एपनिक’कडे असते, आणि २०१२ पासून भारतासाठीं ‘इरिन’ ही देशी नोंदणीही चालूं आहे. ही नोंदवही कोणासही पाहतां येते. हल्ल्याचा पत्ता हातीं आला कीं तो कोणत्या कंपनीच्या ताब्यांतला हें तींत सांपडतें, तक्रार कोठें पाठवावी तेंही सांपडतें. परंतु नोंदवही तेथेंच थांबते. तींत मनुष्याचें नांव नसतें.

नंतर त्यानें सर्व्हरची रोजनिशी उघडून दाखविली. आमचा समज असा कीं, सुताच्या या लहानशा पेढीकडे कोणाचें लक्ष जाणार? पाहतों तों मिनिटामिनिटाला कोणीतरी दार ठोठावीत होतें! कधीं ‘रूट’ या नांवानें, कधीं ‘ॲडमिन’ या नांवानें, निरनिराळे पासवर्ड लावून पाहणें अखंड चाललेलें. आणि ठोठावणारांचे पत्ते निरनिराळ्या देशांतले. “हीं माणसें नव्हेत, काका,” भाचा आम्हांस म्हणाला, “हीं दुसऱ्यांचीं यंत्रें आहेत. त्यांच्या धन्यांस याचा पत्ताही नसेल.” पांच चुका झाल्या कीं त्या पत्त्यास कांहीं काळ दार बंद करावयाचें, अशी तजवीज त्यानें पूर्वींच केलेली होती. असेच दुष्ट पत्ते जगभरांतून गोळा करून त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. स्टीव्ह लिनफर्ड यांनीं १९९८ सालीं काढलेली ‘स्पॅमहाउस’ ही त्यांतली प्रसिद्ध संस्था होय. ई-मेल घेणारा सर्व्हर पत्र आंत घेण्यापूर्वीं अशा यादीस विचारतो आणि यादींत पत्ता आढळला तर पत्र दारावरूनच परत लावतो. स्नेह्यांचीं बिलें परत आलीं तीं याच रीतीनें.

आतां प्रश्न एवढाच उरला कीं, कुलूपबंद पेढींत रात्रीं दोन वाजतां जागें कोण होतें? भाच्यानें त्या रात्रीं राउटरमधून बाहेर जाणारी वर्दळ तपासली, आणि चोर नव्हे, परंतु चोराचें हत्यार उजेडांत आलें. चोरांवर नजर ठेवण्यासाठीं गोदामांत जे कॅमेरे बसविले होते, त्यांची चित्रें सांठविणारी पेटीच शेंकडों परक्या पत्त्यांचीं दारें ठोठावीत होती! बसविणारानें कारखान्यांतून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. आणि स्नेह्यांस घरबसल्या मोबाईलवर गोदाम पाहतां यावें म्हणून त्या पेटीचें दार साऱ्या जगास उघडें करून दिलें होतें.

हा प्रकार कांहीं भिवंडीपुरता नव्हे. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें सुमारे साठ ठराविक नांवें व पासवर्ड लावून पाहत लाखों कॅमेरे आणि राउटर अंकित केले. आणि २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या भडिमारानें ‘डिन’ या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर कोलमडून अनेक मोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईतील लहानमोठ्या इंटरनेट-कंपन्यांवर असाच भडिमार होऊन पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता. मिराई रचणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनीं डिसेंबर २०१७ मध्यें गुन्हा कबूल केला; परंतु हल्ल्याच्या रोजनिशींत जे पत्ते होते ते त्यांचे नव्हते. ते होते आमच्या स्नेह्यांसारख्या निद्रिस्त गृहस्थांचे.

पत्त्यालाच मनुष्य समजल्यानें काय अनर्थ होतो, याचीं दोन उदाहरणें आपल्याच प्रांतीं घडून गेलीं आहेत. २००७ सालीं छत्रपति शिवाजीमहाराजांची इंटरनेटवर विटंबना झाल्याच्या प्रकरणीं पुण्याच्या पोलिसांनीं बंगळूरच्या एका तरुणास पकडून आणलें. इंटरनेट-कंपनीनें पुरविलेली पत्त्याची माहितीच चुकीची होती. हें उघडकीस येईपर्यंत त्या निरपराध तरुणास तुरुंगांत पन्नास दिवस काढावे लागले! पुढील वर्षीं, २६ जुलै २००८ रोजीं, अहमदाबादेंतील स्फोटांच्या वेळीं धमकीचा एक ई-मेल आला. त्याचा माग निघाला तो नव्या मुंबईंत सानपाडा येथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरापर्यंत. त्याच्या वाय-फायला कुलूपच नव्हतें, आणि दुसऱ्याच कोणी त्याचा उपयोग करून घेतला होता.

तर मग माग काढणें व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं पैसे काढले गेले, आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत गेले. पुणें पोलिसांनीं चिकाटीनें माग काढून पैसे काढणारे हस्तक पकडले. त्यांत भिवंडीचा रहिवासीही होता. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस शिक्षा ठोठावली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळानें या लुटीसंबंधीं उत्तर कोरियाकडे बोट दाखविलें. त्या सूत्रधारांपर्यंत मात्र आपल्या न्यायालयाचा हात पोंचला नाहीं. माग खरा होता, आणि त्याचा प्रत्येक टप्पा निराळ्या पुराव्यानें तपासावा लागला.

म्हणूनच रोजनिशीचें महत्त्व फार. एकाच पत्त्याआड कधींकधीं हजारों ग्राहक असतात. अशा वेळीं नुसता पत्ता पुरत नाहीं, पोर्टचा अंक आणि सेकंदापर्यंत वेळ लागते. सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें संस्थांनीं अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आंत कळवावी, रोजनिशी १८० दिवस जपावी आणि घड्याळें सरकारी घड्याळाशीं जुळवून ठेवावीं, असें ठरलें आहे. घड्याळाचा हा आग्रह कशाला, असें वाटणारांनीं आमच्या स्नेह्यांचे ते साडेपांच तास आठवावे.

भाच्यानें पेटी बंद करून पुन्हा चालूं केली. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं, असें त्यानें बजावलें. अंकित करणारा प्रोग्रॅम त्यानें पुसला गेला तरी जुनाच पासवर्ड असेल तर थोड्याच वेळांत तो परत शिरतो. म्हणून पासवर्ड बदलला, बाहेरचें दार लावलें, पेटीचा जुना प्रोग्रॅम नवा केला आणि मग यादी ठेवणाऱ्या संस्थेस नांव काढण्याची विनंती केली. कांहीं दिवसांतच बिलें जाऊं लागलीं. वाचकांच्या घरींही राउटर असेल, कॅमेरा असेल. त्यांचा पासवर्ड कारखान्याचाच आहे कीं आपण बदललेला, एवढें आजच पाहून घ्यावें. आणि फसवणुकीनें पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. तेथें विलंब म्हणजे नुकसान.

स्नेह्यांनीं पहारेकऱ्यास बोलावून आमच्यादेखत आपली चूक कबूल केली. नोकरी राहिली. मुलगाही चार दिवसांनीं पुन्हा अभ्यासास येऊं लागला. मात्र वाय-फायचा नवा पासवर्ड त्यानें मागितला नाहीं, आणि दिला तेव्हां ‘नको’ म्हणाला.

माग आपल्या शिवेपर्यंत आला म्हणजे प्रथम आपलें घर तपासून पुढचा माग दाखवावा, हें आपलें कर्तव्य. शिवेच्या आंत जो समोर दिसेल त्याच्यावर बोट ठेवणें हें कर्तव्य नव्हे. स्नेह्यांच्या पेढीचा पत्ता काळ्या यादींतून निघावयास थोडेच दिवस लागले. त्या मुलाच्या मनांतून ती सायंकाळ निघावयास किती लागतील, हें आम्ही सांगूं शकत नाहीं.