गल्ला आणि नफा

2025 सालच्या जुलै महिन्यात बंगळूर शहरातील लहान दुकानांच्या दर्शनी भागावरून एक ओळखीची वस्तू नाहीशी होऊ लागली. चहाची टपरी असो, बेकरी असो की फुलांची हातगाडी असो, मोबाइलने पैसे चुकते करण्याचा क्यूआर कोड तेथे चिकटवलेला असावयाचाच. तो अनेकांनी काढून टाकला आणि त्या जागी 'फक्त रोख' अशी पाटी लावली. ज्या शहराला सारा देश संगणकाची राजधानी म्हणतो, त्या शहरातील दुकानदार एकाएकी नाण्यानोटांकडे वळला, याचे कारण राज्याच्या वाणिज्य कर खात्याने पाठवलेल्या नोटिसांत होते.

धंदा करणाऱ्यांनी अधिक कर द्यावा काय, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार चर्चिला जातो. पगारदार मनुष्य म्हणतो की, माझा कर हाती पगार येण्यापूर्वीच कापला जातो. दुकानदार आणि कारखानदार मात्र हवे ते दाखवतात व नको ते लपवतात. धंदेवाला म्हणतो की, जोखीम माझी, भांडवल माझे, चार माणसांना रोजगार मी देतो, आणि सरकार प्रत्येक वळणावर हात पसरून उभे आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या वादाचा निवाडा करण्यापूर्वी कर नेमका कशावर बसतो आणि तो कोण सोसतो, हे समजून घेणे अवश्य आहे. बंगळूरच्या त्या प्रसंगाने हे जितके स्पष्ट केले, तितके क्वचितच एखाद्या ग्रंथाने केले असेल.

प्रसंग असा होता. वस्तू व सेवा कराचा कायदा 1 जुलै 2017 पासून देशभर लागू झाला. त्यानुसार कर्नाटकात वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या वर गेली, अथवा सेवा देणाऱ्याची 20 लाखांच्या वर गेली, की त्याने नोंदणी केली पाहिजे. कर खात्याने यूपीआयद्वारे झालेल्या देवघेवीची 2021-22 ते 2024-25 या वर्षांची माहिती मिळवली, मर्यादेपेक्षा अधिक रक्कम ज्यांच्या खात्यात जमा झाली होती परंतु ज्यांची नोंदणी नव्हती असे व्यापारी निवडून काढले, आणि त्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या खात्यात चार वर्षांत 1 कोटी 63 लाख रुपये जमा झाले होते. त्याच्याकडे 29 लाख रुपयांच्या कराची मागणी करण्यात आली. वास्तविक ताज्या भाजीपाल्यावर हा कर मुळी नाहीच.

व्यापाऱ्यांनी दूधविक्री थांबवण्याचा आणि 25 जुलैला बंद पाळण्याचा निर्धार जाहीर केला. 23 जुलैला मुख्यमंत्र्यांनी त्यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. दूध, भाजी, फळे यांसारख्या करमुक्त वस्तूंवर कर मागितला जाणार नाही, जे नोंदणी करतील त्यांच्याकडून मागील थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र यापुढे नोंदणी केलीच पाहिजे, असे ठरले आणि बंद मागे घेण्यात आला.

हा तंटा मिटला. त्यातून निघालेला प्रश्न मात्र मिटला नाही. 40 लाख ही रक्कम ऐकताना मोठी वाटते. वर्षाचे दिवस काढून भागिले तर ती रोजची सुमारे 11 हजार रुपये होते. बंगळूरच्या कोणत्याही वस्तीतले दूध, पाव, बिस्किटे आणि सिगारेटी विकणारे दुकान पाहा. पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथे गिऱ्हाईक असते, आणि एवढा गल्ला जमणे मुळीच कठीण नाही. परंतु गल्ल्यात पडलेला रुपया दुकानदाराचा नसतो. त्यातला बहुतेक भाग दूध संघाचा, घाऊक व्यापाऱ्याचा, घरमालकाचा आणि वीज मंडळाचा असतो. दुकानदाराच्या हाती उरते ती त्यातली चिमूट.

कल्पनेने एक दुकान घेऊ. त्याची वर्षाची विक्री 60 लाखांची आहे. त्यांपैकी 30 लाखांचा माल दूध, पाव, भाजी असा करमुक्त आहे आणि 30 लाखांचा माल करपात्र आहे. रुपयामागे आठ पैसे सुटतात असे धरले, तर मालकाची वर्षाची मिळकत 4 लाख 80 हजार होते. आता कायद्याची एक गोम पाहा. नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त मालाची विक्रीही हिशेबात धरली जाते. केवळ करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. परंतु दुधाच्या पिशव्यांशेजारी बिस्किटांची बरणी ठेवली, की साऱ्या विक्रीची बेरीज होते. आमचा दुकानदार अशा रीतीने मर्यादेच्या पलीकडे जातो.

त्याने वेळेवर नोंदणी करून लहान व्यापाऱ्यांसाठी असलेली आपसमेळाची सोपी योजना स्वीकारली असती, तर करपात्र विक्रीवर शेकडा 1 या दराने त्याला वर्षाला 30 हजार रुपये द्यावे लागले असते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ही सवलत आहे. पण ती आगाऊ मागून घ्यावी लागते, मागील वर्षांसाठी मिळत नाही. ज्याने नोंदणीच केली नाही, त्याच्यावर नेहमीच्या दराने आकारणी होते. शेकडा 18 चा दर धरला तर 30 लाखांवर 5 लाख 40 हजार रुपये, शिवाय व्याज आणि दंड. म्हणजे वर्षभराच्या साऱ्या मिळकतीपेक्षा एका वर्षाचा कर अधिक! आणि अशी वर्षे एकाहून अधिक.

येथे सरकारची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हा कर वस्तुतः दुकानदाराने स्वतःच्या खिशातून द्यावयाचा नसतो. तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरावयाचा असतो. खरेदीच्या वेळी आधीच दिलेला कर त्यातून वजा मिळतो. समोरच्या फुटपाथवरच्या दुकानदाराने नोंदणी करून कर भरावा आणि त्याच्याच तोडीच्या शेजाऱ्याने न भरता माल स्वस्त विकावा, हा पहिल्यावर अन्याय आहे. रस्ता, गटार, दिवे आणि पोलीस यांचा उपयोग दोघेही घेतात. तेव्हा लहान धंदा म्हणजे हिशेबातून सुटका, असे तत्त्व मान्य करता येणार नाही. परंतु गुन्हा अज्ञानाचा आणि शिक्षा दिवाळखोरीची, हेही न्यायाला धरून नाही.

या चुकीचे मूळ जुने आहे. बंगळूरचे जुने गाव आजही पेठांचे आहे. चिक्कपेठ, तांदळाची अक्कीपेठ, कापसाची अरळेपेठ, बांगड्यांची बळेपेठ ही नावे मराठी कानाला परकी वाटत नाहीत. हा मुलूख सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता. मराठी मुलखात काय आणि म्हैसूरच्या राज्यात काय, अशा पेठांतील धंदेवाल्यांवर मोहतर्फा नावाचा कर असे. दुकान, माग, तेलाचा घाणा पाहून तो बसवीत. माग मोजता येतो, कोष्ट्याची मिळकत मोजता येत नाही, म्हणून माग मोजायचा, असा तो सोयीचा हिशेब होता. त्या मागावर वर्षभर काम चालले की तो सहा महिने रिकामा पडला, हे कर पाहत नसे. आजच्या नोटिसेने मागाऐवजी मोबाइलवरच्या जमा रकमा मोजल्या. साधन नवे आले, तरी बाह्य खुणेवरून ऐपत ठरवण्याची रीत तीच राहिली.

कर ऐपतीप्रमाणे असावा, हे तत्त्व आपल्याकडे ज्यांनी ठामपणे मांडले, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रगण्य होत. 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांची तुलना केली होती. प्राप्तिकर मिळकत नसेल तर द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र पीक आले काय, बुडाले काय, लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्याला द्यावा लागतो, या विषमतेवर त्यांनी बोट ठेवले. शेतकऱ्याविषयीचा तो युक्तिवाद टपरीवाल्यालाही जसाच्या तसा लागू पडतो.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. 1981 साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस 1983 साली बंगळुरास आली, आणि पुढे संगणकक्षेत्रातील असंख्य कंपन्यांनी हे शहर गजबजले. 1991 नंतरच्या काळात सॉफ्टवेअर पार्कांतील कंपन्यांच्या निर्यातीवरील नफ्याला सरकारने प्राप्तिकरातून जवळजवळ संपूर्ण माफी दिली होती. ती 31 मार्च 2011 पर्यंत चालली. ही सवलत वाया गेली असे म्हणता येणार नाही. लाखो तरुणांना रोजगार मिळाला आणि त्यांच्या पगारावरचा कर सरकारला मिळत राहिला. तथापि ज्या वर्षांत हा नफा करमुक्त होता, त्याच वर्षांत त्या कंपन्यांच्या फाटकाबाहेर कामगाराने घेतलेल्या साबणाच्या वडीवर कर होता, हेही विसरता कामा नये.

2019 साली केंद्र सरकारने, इतर सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी नफ्यावरील कराचा दर शेकडा 22 पर्यंत खाली आणला. अधिभार व उपकर धरून तो सुमारे शेकडा 25 होतो. भरपूर पगार घेणाऱ्या व्यक्तीच्या वरच्या मिळकतीवर मूळ दरच शेकडा 30 आहे. कंपनीच्या बाजूने उत्तर असे की, नफा लाभांश म्हणून वाटला की त्यावर भागधारकाला आणखी कर द्यावा लागतो, आणि मोठ्या भागधारकाच्या बाबतीत दोन्ही मिळून निम्म्याहून थोडा अधिक भाग सरकारात जातो. हे उत्तर खरे आहे. पण नफा वाटला तर! तो कंपनीतच ठेवला, तर भागांची किंमत वाढते, आणि भाग विकेपर्यंत त्या वाढीवर काहीच कर नाही. विकले तरी दीर्घ मुदतीच्या लाभावर मूळ दर शेकडा साडेबारा आहे. न विकता मुलाबाळांकडे गेले, तर वारसाकर नाही. मृत्युकर 1985 साली रद्द झाला. संपत्तिकरही 2015 च्या अंदाजपत्रकाने उठवला. सारांश, दुकानदाराचा गल्ला आपण पैपैने मोजतो आणि मोठ्या मालकाच्या संपत्तीतील खरी वाढ बहुतांशी मोजपट्टीबाहेर राहते.

मग मोठ्यांवर दर भरमसाट वाढवावा काय? हा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी 1956 साली भारत सरकारला अहवाल दिला. त्यानंतर संपत्तिकर आला, खर्चावरील कर आला, देणगीकर आला. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर चढत चढत 1973-74 पर्यंत अधिभारासह शेकडा 97.75 इतका झाला. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये स्वतःकडे ठेवण्यासाठी कोण प्रामाणिक हिशेब लिहील? काल्डोर यांनी स्वतः इतका चढा दर सुचवला नव्हता. इतर करांचे जाळे नीट विणून प्राप्तिकराचा वरचा दर मर्यादित ठेवावा, असा त्यांचा अभिप्राय होता. 1971 च्या वांछू समितीनेही करचुकवेगिरीच्या कारणांत अवाजवी दरांना प्रमुख स्थान दिले. कागदावरचा दर वाढला आणि काळा पैसाही वाढला. यातून शिकावयाचे ते हे की, दर उंच करण्यापूर्वी पाया रुंद करावा लागतो.

तेव्हा 'धंदेवाल्यांनी अधिक कर द्यावा काय?' या प्रश्नाला एक सरसकट उत्तर नाही, कारण 'धंदेवाला' नावाचा एक माणूसच नाही. दुकानात स्वतः उभा राहून पाच लाख मिळवणारा, आणि ज्याच्या भागांची किंमत तो झोपला असताना कोटींनी वाढते तो, या दोघांना एकाच शब्दात बांधले की वाद वाढतो आणि न्याय दूर राहतो. पहिल्याकडून अधिक कराची अपेक्षा करणे अयोग्य आहे. त्याच्याकडून अपेक्षा करावी ती नोंदणीची आणि साध्या, सच्च्या हिशेबाची; आणि त्यासाठी चार वर्षांनी लाखांची नोटीस धाडण्यापेक्षा पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडताना त्याच्या भाषेत त्याला सावध करणे सरकारला अवघड नाही. जी माहिती नोटिशीसाठी मिळते, ती सूचनेसाठीही मिळू शकते. दुसऱ्याकडून मात्र अधिक मागण्यास जागा आहे. दरापेक्षा ती पळवाटांत आहे: न वाटलेला नफा, भागांच्या किमतीतील वाढ आणि पिढीजात हस्तांतरित होणारी मोठी संपत्ती. यांवर माफक परंतु न चुकवता येणारा कर बसवणे, हा शेकडा 97 च्या दरापेक्षा अधिक फलदायी आणि अधिक न्याय्य मार्ग ठरेल.

बंगळूरच्या दुकानदाराने क्यूआर कोड काढून टाकला तेव्हा सरकारचे नुकसान झाले, पण त्याचेही कमी झाले नाही. खात्यातील रोजच्या जमेच्या नोंदी हाच बँकेकडे कर्ज मागताना त्याच्याजवळचा पुरावा होता. भीतीपोटी तो स्वतःच्या हाताने पुसू लागला. मोजमाप खरे असेल, तर मोजून घ्यायला फारसे कोणी नाकारत नाही. गल्ला मोजून त्यालाच नफा म्हटले, की मग माणूस गल्लाच लपवू लागतो.