राज्यघटनेच्या चौकटीतून हुकूमशाहीकडे : इटलीतील फॅसिझमचा उदय आणि प्राध्यापकांची शपथ (१९१९–१९३१)

प्रस्तावना

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात युरोपातील अनेक देशांत लोकशाही शासनव्यवस्था कोसळल्या व त्यांच्या जागी हुकूमशाही राजवटी आल्या. या प्रक्रियेचा प्रारंभ इटलीत झाला. फॅसिझमने सत्ता बळाने हस्तगत केली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अंशतःच खरी आहे. हिंसाचार हे फॅसिस्टांचे प्रमुख साधन होते. तथापि सत्तेकडे जाणाऱ्या मार्गावरील महत्त्वाचे दरवाजे राजा, संसद आणि प्रतिष्ठित वर्ग यांनी आतून उघडले. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा आणि त्यात विद्यापीठीय अध्यापकांनी स्वीकारलेल्या भूमिकेचा परामर्श घेतला आहे.

युद्धोत्तर इटली

पहिल्या महायुद्धात इटली विजयी राष्ट्रांच्या बाजूने होता. परंतु सुमारे ६ लाख सैनिक गमावूनही अपेक्षित प्रदेश पदरात पडला नाही, अशी भावना तेथे बळावली. महागाई, बेकारी आणि सैन्यातून परतलेल्या तरुणांचे वैफल्य यांनी असंतोषात भर घातली. १९१९ व १९२० ही वर्षे संपांची ठरली. सप्टेंबर १९२० मध्ये उत्तर इटलीतील कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेतला. रशियातील क्रांतीची पुनरावृत्ती होईल, या भीतीने उद्योगपती व जमीनदार धास्तावले.

बेनितो मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलान येथे आपल्या संघटनेची स्थापना केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. पुढे पो नदीच्या खोऱ्यातील जमीनदारांनी शेतमजूर संघटना मोडून काढण्यासाठी फॅसिस्ट टोळ्यांना पैसा पुरविला, तेव्हा चळवळीला खरे बळ लाभले. काळे सदरे घातलेल्या या टोळ्या कामगारांची कार्यालये जाळीत, सहकारी संस्था उद्ध्वस्त करीत आणि अनेक ठिकाणी पोलीस त्याकडे काणाडोळा करीत. मे १९२१ च्या निवडणुकीत ज्येष्ठ उदारमतवादी नेते जोव्हान्नी जोलित्ती यांनी फॅसिस्टांना आपल्या आघाडीत सामावून घेतले. सत्तेच्या सहवासाने ते निवळतील, असा त्यांचा कयास होता. फॅसिस्टांना ३५ जागा मिळाल्या आणि त्याबरोबरच प्रतिष्ठाही लाभली.

सत्तेचे हस्तांतर

ऑक्टोबर १९२२ मध्ये फॅसिस्टांनी रोमवर मोर्चा नेण्याची घोषणा केली. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारण्याची तयारी केली होती. परंतु २८ ऑक्टोबर रोजी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्या हुकुमावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. मुसोलिनी स्वतः मोर्चात चालत आला नाही. राजाच्या निमंत्रणावरून तो मिलानहून रेल्वेने रोमला पोहोचला आणि पंतप्रधान झाला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात इतर पक्षांचे मंत्रीही होते. कनिष्ठ सभागृहाने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्यावर विश्वास व्यक्त केला. सभागृहात फॅसिस्टांची संख्या तेव्हा अत्यल्प होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

नोव्हेंबर १९२३ च्या आचेर्बो कायद्याने, किमान २५ टक्के मते मिळवून प्रथम येणाऱ्या यादीस दोन-तृतीयांश जागा देण्याची तरतूद केली. एप्रिल १९२४ ची निवडणूक दहशतीच्या वातावरणात पार पडली. समाजवादी नेते जाकोमो मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी संसदेत या गैरप्रकारांचा पाढा वाचला. १० जून रोजी त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. विरोधी सदस्यांनी सभागृहावर बहिष्कार टाकला व राजा हस्तक्षेप करील, याची वाट पाहिली. राजा स्वस्थ राहिला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने घडलेल्या सर्व प्रकारांची जबाबदारी उघडपणे स्वतःकडे घेतली आणि उघड हुकूमशाहीचे पर्व सुरू झाले. १९२६ च्या अखेरीस अन्य पक्ष विसर्जित झाले, विरोधी वृत्तपत्रे बंद पडली व विशेष न्यायाधिकरण अस्तित्वात आले. १८४८ ची राज्यघटना मात्र औपचारिकरीत्या कधीच रद्द झाली नाही. साध्या कायद्याने बदलता येणाऱ्या त्या घटनेत अशा आक्रमणास रोखणारी तरतूदच नव्हती.

विद्यापीठे आणि शपथ

बुद्धिजीवी वर्गही या काळात दुभंगला. तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेंतीले मुसोलिनीचे शिक्षणमंत्री झाले व १९२५ मध्ये त्यांनी फॅसिझमचे समर्थन करणारा जाहीरनामा सिद्ध केला. बेनेदेत्तो क्रोचे यांनी १ मे १९२५ रोजी त्यास जाहीर उत्तर दिले. मात्र मात्तेओत्तींच्या हत्येनंतरही जून १९२४ मध्ये सिनेटमध्ये क्रोचे यांनी सरकारच्या बाजूनेच मत दिले होते. धोका ओळखण्यास विद्वानांनाही किती विलंब लागतो, याचे हे उदाहरण होय.

ऑगस्ट १९३१ मध्ये विद्यापीठीय प्राध्यापकांवर नवी शपथ लादण्यात आली. राजाबरोबरच फॅसिस्ट राजवटीशी एकनिष्ठ राहण्याचे आणि राजवटीला वाहून घेणारे नागरिक घडविण्याचे वचन तीत होते. सुमारे १,२०० प्राध्यापकांपैकी नकार देणाऱ्यांची संख्या साधारणपणे १२ मानली जाते. गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा, तत्त्वज्ञ पिएरो मार्तिनेत्ती, इतिहासकार गाएतानो दे सांक्तिस हे त्यांपैकी होत. त्यांना आपल्या अध्यासनांस मुकावे लागले.

शपथ घेणारे सर्वच फॅसिस्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेकांपुढे कुटुंबाच्या निर्वाहाचा प्रश्न होता. आपण गेलो तर विद्यार्थी राजवटीच्या हस्तकांच्या हाती पडतील, असा युक्तिवाद काहींनी केला. क्रोचे यांनीही काहींना अध्यासन न सोडण्याचाच सल्ला दिला होता. या युक्तिवादात तथ्य होते. परंतु त्याचा एकत्रित परिणाम असा झाला की, संस्था म्हणून विद्यापीठाचा प्रतिकार उरला नाही. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकले, तेव्हा शपथ घेतलेल्या ज्यू प्राध्यापकांनाही तिने संरक्षण दिले नाही. आणि रिक्त झालेल्या जागांवर त्यांच्याच सहकाऱ्यांच्या वर्तुळातील व्यक्ती नेमल्या गेल्या.

समारोप

इटलीतील हुकूमशाही एका दिवसात आली नाही. जोलित्तींची आघाडी, राजाचा नकार, संसदेचा विश्वासदर्शक ठराव, निवडणूक कायदा आणि अखेरीस शपथ या प्रत्येक टप्प्यावर संमती देणाऱ्यांना ती तडजोड तात्पुरती वाटत होती. प्रत्येक तडजोडीनंतर पुढचा नकार अधिक महाग होत गेला : १९२२ मध्ये संसदेला बहुमताच्या बळावर जे रोखता आले असते, त्यासाठी १९३१ मध्ये एकेकट्या अध्यापकाला उपजीविका पणाला लावावी लागली. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेने तेहतिसाव्या कलमात कला, विज्ञान व त्यांचे अध्यापन स्वतंत्र असल्याचे नमूद केले. या कलमामागे वरील अनुभवाची पार्श्वभूमी आहे. अध्यापन-स्वातंत्र्याचे रक्षण ही एकट्या अध्यापकाच्या धैर्यावर सोपवून देण्याची बाब नसून संस्थांनी वेळीच पार पाडावयाचे कर्तव्य आहे, हे या इतिहासातून स्पष्ट होते.