गोदामाचे शटर जड झाले? आधी स्प्रिंग तपासा



या पानातून आपण नेहमी बेणे, लागण, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण तोही आपल्या रोजच्या कामातलाच आहे. गटागटातून फिरताना खताच्या गोदामांची आणि ट्रॅक्टर शेडची जुनी शटरे पाहायला मिळतात. पूर्वी एका हाताने वर जाणारे शटर आता दोन गडी लावून उचलावे लागते. विचारले तर उत्तर ठरलेले, "जुनं झालंय साहेब, गंजलंय." पुष्कळदा पत्रा चांगला ठणठणीत असतो. थकलेली असते ती आतली स्प्रिंग.

शटरचे वजन कोण उचलते?

दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटर घ्या. क्षेत्र झाले सुमारे साडेसात चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा एका चौरस मीटरला दहा किलोच्या जवळपास भरतो. पट्ट्यांच्या घड्या आणि खालची अँगलची पट्टी धरली, तर सगळे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. म्हणजे पोटॅशची दोन पोती! एवढे वजन घरातली बाईमाणसेसुद्धा सहज वर सारतात, कारण त्यातला बहुतेक भार स्प्रिंगा पेलतात.

तराजूच्या एका पारड्यात पोते टाकले की दुसऱ्यात वजने टाकावी लागतात, तसेच हे आहे. शटर एका पारड्यात, स्प्रिंग दुसऱ्या पारड्यात. आपल्या हाताला उरतो तो फक्त थोडासा फरक. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या घरांत खाली-वर सरकणाऱ्या खिडक्या असतात. त्यांच्या चौकटीत पूर्वी दोरीला ओतीव लोखंडाची वजने टांगत. पुढे त्या जागी स्प्रिंगा आल्या. तिथेही स्प्रिंग थकली की खिडकी वर थांबत नाही, धाडकन खाली येते. तत्त्व एकच.

आत काय असते?

वरच्या पत्र्याच्या टोपाखाली एक जाड पाईप आडवा बसवलेला असतो. दोन्ही टोकांना तो ब्रॅकेटवर यू क्लॅम्पने घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे तो स्वतः फिरत नाही. त्या पाईपवर शटरच्या रुंदीप्रमाणे दोन, तीन किंवा चार गोल डबे असतात. डब्यात स्प्रिंग असते. तिचे एक टोक पाईपला आणि दुसरे डब्याला अडकवलेले असते. शटरचा पडदा या डब्यांना जोडलेला असतो.

शटर खाली ओढले की डबे फिरतात आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर सारले की पीळ उलगडतो आणि शटरला वर ओढतो. शटर पूर्ण खाली असते तेव्हा लोंबते वजन सर्वांत जास्त, आणि स्प्रिंगचा पीळही सर्वांत जास्त. वर जाताना दोन्ही बरोबरीने कमी होत जातात. म्हणून चांगले शटर कमरेपर्यंत आणून सोडले तरी साधारण तिथेच थांबते.

दिवसातून तीन वेळा शटर उघडले-मिटले तर वर्षाला हजारावर फेरे होतात. वीस वर्षांत वीस हजार. पोलाद झाले तरी ते थकणारच.

ओळखायचे कसे?

१) शटर अर्ध्यावर थांबत नाही, आपोआप खाली घसरते.
२) एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते. याचा अर्थ बहुधा एका बाजूची स्प्रिंग तुटली आहे.
३) वरून 'खट्' असा आवाज आला आणि त्या दिवसापासून शटर एकदम जड झाले.

ही परीक्षा करताना बाजूला उभे राहावे. हात, पाय किंवा डोके शटरखाली ठेवू नये.

मात्र स्प्रिंगवर खापर फोडण्याआधी बाजूचे चॅनेल पाहा. त्यात माती, खताची भुकटी, उंदराने नेलेली चिंधी, असे काय काय सापडते. डिझेलच्या फडक्याने चॅनेल पुसून घ्यावे. वाकलेली पट्टी सरळ करावी, कुलपाचे दांडे मोकळे करावेत. एवढ्याने शटर हलके झाले तर खर्च वाचला. नाही झाले, तर दोष स्प्रिंगचा.

बदलण्याचे काम कारागिराचे

पीळ भरलेली स्प्रिंग म्हणजे दावणीला हिसके देणारा बैल. दावे सोडायचे ते माहितगार माणसानेच. शटर पूर्ण वर असतानाही तिच्यात सुरुवातीचा पीळ शिल्लक असतो. घरच्या पान्याने यू क्लॅम्प ढिला केला, तर पाईप गर्रकन फिरतो आणि हातातला पाना हात मोडून जातो. हे काम शटरच्या कारागिरालाच द्यावे. पण तो काम बरोबर करतो की नाही, हे मालकाला कळले पाहिजे. रीत अशी :

शटर पूर्ण वर घेऊन पडदा दोराने पक्का बांधतात. पाईप दोन पाईप पान्यांनी धरूनच क्लॅम्प ढिले करतात. मग थोडा थोडा फिरवून पीळ काढतात आणि किती फेरे निघाले ते मोजून ठेवतात. पाईप उतरवल्यावर जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, लांबी आणि वेटोळे उजवे की डावे हे पाहून तशीच नवी आणतात. बसवल्यावर पीळ बेताबेताने देतात. शटर पाच-दहा वेळा खाली-वर करून पाहतात आणि मगच क्लॅम्प शेवटचे आवळतात. पीळ जास्त झाला तर शटर खाली टेकत नाही, हातातून निसटून वर उडते. तेही धोक्याचेच.

तीन गोष्टी टाळा

एक, तुटलेली स्प्रिंग वेल्ड करू नका. लोहार फाळाला पाणी देतो, तसे या तारेलाही कारखान्यात पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते उतरते आणि सांध्याशेजारीच स्प्रिंग पुन्हा तुटते.

दोन, एकच स्प्रिंग बदलू नका. सगळ्या एकाच वेळी बसवलेल्या, म्हणून सगळ्या सारख्याच थकलेल्या. एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपला तर औत वाकडेच जाणार. सगळ्या एकदम बदलाव्यात.

तीन, नादुरुस्त शटरला टेकू न देता त्याखालून ये-जा करू नका. आपल्या कार्यक्षेत्रातील एका गोदामात पोती उतरवताना शटर घसरले आणि हमालाची दोन बोटे चेंगरली. शटर जड असल्याचे घरात सगळ्यांना माहीत होते, पण टेकू कोणी लावला नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही बाजूंना मजबूत बल्ल्या लावा. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका.

खत आणि लोखंड

आपल्या गोदामांचे एक वेगळे दुखणे आहे. पोटॅश हा क्षारच आहे. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि ती खारट ओल लोखंड खाते. पोती शटरला टेकवून रचली की खालच्या पट्ट्या आणि चॅनेल आधी गंजतात. मग शटर अडकते, आपण हिसके देतो आणि त्याचा ताण वर स्प्रिंगवर जातो. म्हणून पोती फळ्यांवर रचावीत आणि शटरपासून दोन फूट तरी लांब ठेवावीत. सांडलेले खत त्याच दिवशी झाडून घ्यावे.

आडसाली लागणीची खते घरात येण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, शटर एकदा तपासून घ्यावे. त्या वेळी गोदाम रिकामे असते, पाऊस नसतो, कारागिरालाही सवड असते. एकदा गोदाम भरले आणि वरून पाऊस लागला, की स्प्रिंग बदलायला शटर उघडे टाकणे परवडत नाही.

— ऊस विकास अधिकारी