पावलं मोजणारा मुलगा

लंडनमधल्या उंच इमारतींच्या वस्तीत राहणारा टॉम हार्वे हा शाळकरी मुलगा. मैत्रिणीच्या घरात शिरलेली टोळी त्याला दिसते. पळता पळता तो पोलिसांना फोन लावतो, तेवढ्यात गोळी लागते आणि फुटलेल्या फोनचे तुकडे मेंदूत रुततात. शुद्धीवर येतो तो आसपासच्या मोबाइलमधलं बोलणं ऐकतच. लोकांचे संदेश त्याला डोळ्यांसमोर दिसू लागतात. ॲडम रँडल दिग्दर्शित ‘आयबॉय’ हा थरारपट जानेवारी २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मूळ कादंबरी केव्हिन ब्रुक्सची, २०१० सालची. चित्रपट बेताचाच आहे. गुंड ठोकळेबाज, आणि हाती आलेली एवढी विद्या पोरगा खर्च करतो ती मुख्यतः सूड उगवण्यावर.

अचाट शक्तीचं पोर पडद्यावर आणण्यात नाशिकचा हात आधीपासूनचाच. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ मधल्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली होती त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी. पुढे जवळपास शंभर वर्षांनी नाशिकच्याच एका मुलाने तंत्राच्या जोरावर गर्दीला हात घातला. तो मात्र चित्रपटात नव्हे, सिंहस्थ कुंभमेळ्यात.

त्यामागची गोष्ट २७ ऑगस्ट २००३ ची. शाही स्नानाचा दिवस, गोदावरीतल्या रामकुंडाकडे लोटलेली गर्दी आणि पंचवटीतल्या जुन्या अरुंद वाटा. कुणा साधूने चांदीची नाणी उधळली आणि ती वेचायला झुंबड उडाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. ३९ भाविक दगावले. नाशिककरांच्या बोलण्यात आजही ‘ती नाणी’ येतात. माझ्या मते नाणी हे निमित्त. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं दाटली, की कुणाचंच पाऊल स्वतःचं राहत नाही, रेटा नेईल तिकडे जावं लागतं. अशा वेळी बरेचसे मृत्यू पायांखाली तुडवलं गेल्याने होत नाहीत, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. सगळ्यात घातक बाब म्हणजे वाट तुंबलीय हे पुढच्यांना कळतं, मागच्यांना नाही. ते बिचारे ‘चला, चला’ म्हणत ढकलतच राहतात.

२०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाची चळवळ उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर तिच्यामागे होते. ते मूळचे नाशिकचेच आणि कोपऱ्यापलीकडचं पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे. या शिबिरांत विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते, सरकारी अधिकारी एकत्र बसून कुंभातल्या अडचणींवर तोडगे शोधत. तिथेच निलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा गर्दीच्या प्रश्नाला भिडला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या यंत्रणेचं नाव ‘आशिओतो’.

यंत्रणा म्हणजे दाब ओळखणारे सेन्सर बसवलेली चटई. वाटेवर अंथरायची. पाऊल पडलं की दाबाची नोंद होते, प्रोसेसर ती मोजणीत धरतो आणि मिनिटाला किती माणसं गेली हा आकडा मोबाइलच्या जाळ्यातून पुढे जातो. बाकी सारं आपण शाळेत घोटलेलं हौदाचं गणित: एका नळाने किती येतं, दुसऱ्याने किती जातं. येणारे वाढले आणि जाणारे घटले, की कुठेतरी वाट तुंबतेय. २०१५ च्या कुंभात या चटयांनी १८ तासांत पाच लाखांवर माणसं मोजली, असं निलयने पुढे टेडच्या व्यासपीठावरून सांगितलं.

त्या वर्षी चेंगराचेंगरी झाली नाही, पण त्याचं श्रेय चटईला देणं अति होईल. बंदोबस्त कडक होता, पहिल्या शाही स्नानाला तर इतका की नाशिककरच वैतागले. शिवाय चटई जिथे अंथरली तिथलंच सांगणार, पलीकडच्या बोळाचं तिला काय माहीत!

तरीही मला टॉमच्या मेंदूपेक्षा ही चटई श्रेष्ठ वाटते. टॉमची विद्या चालते मोबाइलवर, आणि गोदावरीत बुडी मारायला खेड्यातून आलेल्या आजींच्या पिशवीत मोबाइल असेलच असं नाही. पाय मात्र प्रत्येकाला टेकावाच लागतो. शिवाय टॉम सगळ्यांची खाजगी गुपितं वाचत सुटतो. चटईला नाव, चेहरा, फोन नंबर काहीच लागत नाही. जीव वाचवायला माणसाची कुंडली नको, संख्या पुरते. एका पोराला हे उमगलं, ते यंत्रणा विकणाऱ्या मोठमोठ्यांना उमगतंच असं नाही.

प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे होते. तरी २९ जानेवारीच्या पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झालीच, आणि मृतांचा आकडा ३० असल्याचं त्याच संध्याकाळी जाहीर करावं लागलं. पडद्यावर गर्दी दिसणं वेगळं आणि गर्दीतल्या शेवटच्या माणसाला वेळेत थांबवणं वेगळं.

आता नाशिकची पाळी. जाहीर कार्यक्रमानुसार सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान (म्हणजे पूर्वीचं शाही स्नान) २ ऑगस्ट २०२७ ला आहे. कॅमेरे, ड्रोन, नियंत्रण कक्ष हे सगळं येईल, यावंही. प्रशासनाला विनंती एकच. रामकुंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर मिनिटाला किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली, याचे मोठे फलक लावा. आणि ते कक्षातल्या अधिकाऱ्यांपुरते ठेवू नका. रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या माणसाला वाचता येतील असे लावा.