ग्रामसभेत हक्काने, लोकसभेत तिकिटावर

24 जानेवारी 1947 रोजी संविधान सभेत सल्लागार समितीच्या सदस्यांवर चर्चा चालू असताना आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी एका उणिवेवर बोट ठेवले: समितीत एकही आदिवासी स्त्री नव्हती. खुद्द संविधान सभेतल्या 15 महिलांतही आदिवासी कोणी नव्हती. संविधानाने अनुसूचित जमातींसाठी लोकसभेत जागा राखल्या, आज त्या 47 आहेत. पण त्यांतल्या किती जागांवर स्त्रीला उभे करायचे, हे पक्षांच्या मर्जीवर राहिले.

गावपातळीवर कायदा पुष्कळ पुढे गेला. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभेला अधिकार दिले. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराच्या जमिनीवर पती आणि पत्नी या दोघांचीही नावे लागतात. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. म्हणजे जंगलाचा दावा तपासताना स्त्रीची हजेरी सक्तीची, पण त्या जंगलाचा कायदा संसदेत होताना ऐच्छिक. ही विसंगती आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या लोकसभेच्या चार मतदारसंघांपैकी दोन 2019 मध्ये महिलांनी जिंकले: नंदुरबार हीना गावित यांनी आणि दिंडोरी भारती पवार यांनी. 2024 मध्ये चारही जागांवर पुरुष निवडून आले. हमी नसली की एका निवडणुकीत सारे पुसले जाते, ते असे. या राखीव जागांतही महिलांचा हिस्सा ठरवावा, या मागणीवर दोन आक्षेप येतात. पहिला, अशा जागा राजकीय घराण्यांतल्या लेकीसुनांनाच मिळतात. पण घराणेशाही पुरुष उमेदवारांतही आहे. जागा वाढल्या तरच घराण्याबाहेरच्या कार्यकर्तीला वाट मिळेल. दुसरा, मतदान पक्षादेशानेच होते, मग बाई असली काय नि नसली काय! पण संसदीय समित्यांत पक्षादेश चालत नाही. शिवाय प्रश्न विचारणे आणि खासगी विधेयक मांडणे सदस्याच्याच हाती असते. कायद्याची कलमे घासूनपुसून होतात ती अशाच ठिकाणी.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने जमातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश महिलांसाठी ठेवल्या. आजच्या हिशेबाने साधारण 16. या दुरुस्तीवर सही झाली ती द्रौपदी मुर्मू या आदिवासी राष्ट्रपतींची. मात्र अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधली गेली. एवढी वाट पाहायची गरज नाही. राखीव मतदारसंघांत तिसरा हिस्सा तिकिटे महिलांना द्यायला पक्षांना कोणताही कायदा अडवत नाही. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या मतदारांनी पुढच्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाला याचाच जाब विचारावा.