शिट्टी गळ्यात, हात मागे

पहाटे साडेपाच. डिसेंबरात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पठारावर या वेळी गारठा असा असतो की वसतिगृहाच्या ओट्यावर मुलं चादरीसकट येऊन बसतात. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करणारे आणि सरावासाठी आश्रमशाळेत आलेले विद्यार्थी आपला दिवस इथून सुरू करतात. पुढे लिहिलेला दिवस कुणा एकाचा नाही आणि शाळेचं नावही मुद्दाम घेत नाही. खोडाळ्याच्या रस्त्यावरची म्हणा, जव्हारच्या बाजूची म्हणा, फार फरक पडत नाही.

शिट्टी वाजवायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं असतं. कोण खोकतंय, कोण एका पायावर भार टाकून उभं आहे, कुणाचे डोळे रात्रभर उघडे राहिल्यासारखे दिसतात. विचारलं तर मूल सांगत नाही, शेजारचं सांगतं: "सर, हा रात्री जेवलाच नाही." एवढं एक वाक्य मिळालं की त्या दिवसाचं अर्धं नियोजन बदलतं. नवखा प्रशिक्षक मात्र आदल्या रात्री वहीत जे लिहिलं तेच मैदानावर उतरवायला निघालेला असतो. प्रशिक्षकाचं पहिलं कौशल्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी बघणं म्हणेन. बाकीचं पुस्तकात आहे.

सहा वाजता मैदान. मैदान म्हणजे मुरमाचा उताराचा तुकडा. पावसाळ्यात इथे चिखल, पाऊस सरला की खडे. पहिलं काम खडे वेचायचं, आणि ते शिकाऊ प्रशिक्षकानं मुलांबरोबर वाकून करायचं. कमरेवर हात ठेवून वेचून घेणारे पाहिलेत. मुलं त्यांचं ऐकतात, पण लांबून. मग हलकं धावणं, सांधे मोकळे करणं, छोट्या उड्या. थंडीत याला वीसेक मिनिटं द्यायलाच हवीत, कारण गार स्नायूंवर जोराची धाव लावली की मांडीचा मागचा स्नायू धरतो आणि पोर आठवडाभर लंगडतं.

मग खो-खो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. तेव्हापासून या खेळाला जरा बरे दिवस आले आहेत. पण मैदानावरची अडचण जुनीच. बसलेली मुलगी खो मिळायच्या आधीच उठते, आणि शिकाऊ प्रशिक्षक एका दमात पाच गोष्टी ओरडून सांगतो: पाय असा ठेव, खांदा वळव, नजर वर, आधी उठू नको, दिशा बदलू नको. मुलगी पाचही गोष्टींना मान हलवते आणि पुन्हा आधीच उठते. एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची, ती करून दाखवायची आणि तिच्याकडून करून घ्यायची. "समजलं का?" हा प्रश्न इथे अगदी निरुपयोगी आहे. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलणारं मूल पुस्तकी मराठीतल्या कुठल्याही प्रश्नाला "हो सर" म्हणतं. म्हणून "दाखव बरं" म्हणायचं.

बरीच मुलं अनवाणी धावतात. शहरातून आलेल्याला याचं भलतंच कौतुक वाटतं. डोंगरातली पोरं, रक्तातच धावणं, वगैरे. मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव मग हमखास निघतं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. लोक तिच्या पाड्याची गोष्ट सांगतात. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तिनं वर्षानुवर्षं मोजूनमापून केलेल्या सरावाची गोष्ट कमी सांगितली जाते. गरिबी हा सराव नव्हे. गरिबीलाच सराव समजणारा प्रशिक्षक मुलांच्या पायात बूट यावेत म्हणून कधी कुणाचं दार ठोठावत नाही.

साडेसात. नाश्ता. मैदानावरून थेट ताटावर न जाता मुलांनी हातपाय धुतले का, पाणी प्यायली का, हेही प्रशिक्षकाच्या कामात येतं. जव्हार तालुक्याचं नाव 1992-93 साली वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी देशभर गेलं. आज परिस्थिती तीच नाही, पण वयाच्या मानानं कमी भरलेली शरीरं आणि कमी हिमोग्लोबिन यांची गाठ रोज पडते. इथे परदेशी खेळाडूंचे प्रथिनांचे तक्ते भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. अंडं, गूळ-शेंगदाणे, नागलीची भाकरी यांतलं काय मिळतं, किती मिळतं, हे स्वयंपाकघरात जाऊन बघावं आणि त्याप्रमाणे सराव कमी-जास्त करावा.

सिकलसेलचंही तसंच. पालघरच्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो आणि मुलांच्या तपासणीच्या नोंदी शाळेकडे असतात. ज्याला आजार आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराच्या सरावात घेऊच नये. जे नुसते वाहक आहेत ते खेळू शकतात. मात्र भर उन्हात, पाण्याविना, थांबू न देता एकामागून एक जोरात धावायला लावलं तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडून ही माहिती घ्यायची, सराव हळूहळू वाढवायचा, मधे विश्रांती द्यायची आणि मैदानावर सगळ्यांसमोर "तू सिकलसेलवाला ना?" असं चुकूनही विचारायचं नाही. मुलाच्या आजाराची माहिती ही प्रशिक्षकाकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे, वाटायला नव्हे.

नऊ ते बारा वर्ग चालतात. शिकाऊ प्रशिक्षक कार्यालयात स्पर्धेचे अर्ज भरतो. कंटाळवाणं काम, पण त्याची खरी परीक्षा मला इथेच दिसते. शालेय स्पर्धांचे गट वयाचे: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. हजेरीपट उघडला की ओळीनं जन्मतारखा दिसतात: 1 जून, 1 जून, 1 जून. पोर शाळेत आणलं त्या दिवशी गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख. मिशी फुटलेला पोरगा कागदावर 13 वर्षांचा निघतो. कधी उलटंही असतं, 16 वर्षांची मुलगी अंगानं 12 ची दिसते. कागदावरची तारीख बदलायचा अधिकार प्रशिक्षकाला नाही, आणि सोयीची तारीख "करून घ्यायचा" तर नाहीच. त्यानं सरावासाठी जोड्या लावताना वजन-उंची बघावी, तारीख नव्हे.

सहीची किंमतही इथेच कळते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण आहेत. त्यामुळे स्पर्धेच्या प्रमाणपत्राला बाजारभाव आला, आणि ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं बाहेर आली. न खेळलेल्याच्या नावापुढे "खेळला" लिहिणारा हात कुणातरी प्रशिक्षकाचा किंवा संघटकाचाच असतो. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या पहिल्या तासाला सांगायला हवी. ती शेवटच्या तासालाही सांगितलेली मी ऐकलेली नाही.

दुपारी जेवण मुलांच्या पंगतीतच. दोन ते चार टाचण. आज काय योजलं होतं, काय झालं, उद्या काय. मार्गदर्शक आले असतील तर सकाळच्या सरावाची चिरफाड होते. तीस मिनिटांत पंचवीस मिनिटं तूच बोललास, प्रत्येक मुलीला खो किती वेळा मिळाला ते मोजलंस का? हे ऐकताना चेहरा वाकडा होऊ न देणं हेही शिकायचंच काम. देशात प्रशिक्षक घडवण्याची मोठी संस्था पतियाळाची. 1961 मध्ये तिथल्या मोतीबाग राजवाड्यात ती सुरू झाली, आणि वर्षभराच्या पदविकेपासून सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रापर्यंत तिचे अभ्यासक्रम आहेत. सहा आठवड्यांत खेळाचं तंत्र शिकता येतं. स्वतःबद्दल वाईट ऐकून घेण्याची सवय तेवढ्यात लागत नाही.

साडेचारला कबड्डी. मुलगे चढाईत तरबेज, पकडीत उतावळे. कोपऱ्यातला एकटाच झेप घेतो, साखळी तुटते, चढाईवाला निदान रेषेवरून सुखरूप परत. आधी डावा कोपरा सांभाळणारा मुलगा आता नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. घरची माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला त्याला सोबत नेलं. दरवर्षीचंच आहे हे. शिकाऊ प्रशिक्षकाच्या तोंडून पटकन निघतं, "यांना खेळाची किंमतच नाही." ते वाक्य गिळायला शिकावं लागतं. वर्गशिक्षकांना सांगावं, त्यांच्याकडून बापाला फोन लावून घ्यावा, "दादा, पोरगं चांगलं खेळतं, शाळेत ठेवलंत तर त्याची इथे सोय होते" एवढंच बोलावं. कधी मुलगा परत येतो. बहुतेकदा येत नाही, आणि नव्या कोपऱ्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

सराव सामना हरलेल्या संघाला मैदानाच्या दहा फेऱ्या! ही शिक्षा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती शिक्षा आहे हेच कुणाला वाटत नाही. ज्या मुलांनी धावण्यावर प्रेम करावं म्हणून आपण आलो, त्यांनाच धावणं म्हणजे दंड हे आपण शिकवतो. कान पिळणं, पाठीत धपाटा, आईबापावरून बोलणं यांना तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंच मनाई आहे. शिट्टी गळ्यात आणि हात मागे, असं उभं राहायची सवय करून घेतलेली बरी.

घोटा मुरगळला तर चोळायचा नाही. बर्फ मिळाला तर कापडातून, नाहीतर गार पाण्याची पट्टी, पाय उंच, खेळ बंद. हाडाची शंका आली की मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, आणि सोबत शाळेचं जबाबदार माणूस. गाडी कुणाची मिळेल, हे सकाळीच ठाऊक असलं पाहिजे.

साडेसहाला अंधार पडतो. या वेळचे नियम चर्चेचे नाहीत. एका मुलीला किंवा मुलाला एकट्याला थांबवून सराव नाही. मुलींच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मुलींच्या संघाबरोबर बाई प्रशिक्षक किंवा शिक्षिका हवीच. 2022 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानंही महिला खेळाडू असलेल्या पथकांसोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. पकड शिकवताना अंगाला हात लावावा लागतो, तो सांगून, सर्वांसमोर आणि गरजेपुरता. स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो नाहीत, रात्री खासगी संदेश नाहीत. आणि एखाद्या मुलानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर "बघू" म्हणून चालत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणाराही गुन्हेगार ठरतो. 1098 हा बाल-मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना पाठ असावा, प्रशिक्षकाला त्याहून आधी.

रात्री नऊ. मुलं झोपायच्या तयारीत. शिकाऊ प्रशिक्षकाची वही उघडी. पाळीमुळे आज बाजूला बसलेली मुलगी, तिला उद्या विचारून मगच घ्यायचं. लंगडणारा एक. आपण ज्याच्याकडे दिवसभर बघितलंच नाही असा एक तरी असतोच, बहुधा शेवटच्या ओळीतला. त्याचं नाव ठळक लिहायचं.

सरावासाठी विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयांना एकच विनंती. जव्हार-मोखाड्याला त्यांना डिसेंबरात स्पर्धा तोंडावर आल्यावर दोन-तीन आठवड्यांसाठी पाठवू नका. जूनमध्ये, शाळा उघडतानाच पाठवा आणि निदान दिवाळीपर्यंत राहू द्या. पावसात मैदान मिळणार नाही, व्हरांड्यात सराव घ्यावा लागेल, हे खरं. पण सगळी मुलं शाळेत असतात ती याच महिन्यांत.