शिडीवर अडलेली मराठी

चिनी लिपीत हजारो अक्षरे. कळफलकावर ती मावणार कशी? म्हणून तिथले बहुसंख्य लोक पिनयिन पद्धतीने शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत टंकतात आणि पडद्यावर येणाऱ्या चिनी अक्षरांतून हवे ते निवडतात. रोमन ही नुसती शिडी. मजकूर उमटतो तो चिनीतच.

आमच्या मांजरीत मी पाहतो, मोबाइलवर मराठी लिहिणारे अनेकजण त्या शिडीवरच थांबतात. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या निरोपांचे रोमन रूप एकच. कार्याला गुरुजी बोलवायचे की स्वयंपाकी, हे वाचणाऱ्याने ताडायचे!

साधनांची वाण नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने देणारा इन्स्क्रिप्ट कळफलक १९८०च्या दशकातला. पुण्याच्या सी-डॅकने त्याचा प्रसार केला. आयआयटी मुंबईने मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ घडवले. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषक ८.३ कोटी. पण कंपनीला मागणी दिसते ती वापरातून, जनगणनेतून नव्हे. आपण देवनागरीत लिहिलेला प्रत्येक निरोप ही त्या बाजारात नोंदवलेली मागणीच आहे. रोमनमध्ये लिहिलेला निरोप मात्र आपल्या लिपीच्या खाती जमा होत नाही.